१२३४५६७८९८७६५४३२१ : गणित कट्ट्याच्या प्रकल्प नोंदी

२ नोव्हेंबर २०२५, रविवार

२२ डिसेंबरच्या गणित दिनासाठी वाचनालयाची जिन्यालगतची अख्खी भिंत कट्ट्याला मिळाली. यंदा दहा विषयांचे दहा तक्ते लावायचे नाहीत असं ठरलं. एकच संख्या घ्यायची आणि तिच्यात खोल शिरायचं. संख्या: १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंकी. नऊ एकांचा वर्ग, म्हणजे १११११११११ × १११११११११.

बहुतेक मुलांनी ती मोबाइलवर फिरत आलेल्या संदेशात पाहिलेली होती, वर 'गणिताचा चमत्कार' असा मथळा. मला तो मथळाच नको आहे. चमत्कार म्हटलं की माणूस 'वा' म्हणतो आणि पुढे सरकतो. का, असं विचारायला कुणी थांबत नाही. म्हणून कट्ट्याचा या वेळचा नियम असा की भिंतीवर जाणारं प्रत्येक विधान आपल्यापैकी कुणीतरी कागदावर स्वतः करून पाहिलेलं हवं, आणि ते का खरं आहे हे त्याला उभं राहून सांगता आलं पाहिजे.

ही संख्या निवडायला आणखी एक कारण होतं. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांनी याच घराण्याच्या संख्यांना 'डेम्लो संख्या' म्हटलं आणि १९३८ मध्ये त्यांच्यावर लेख लिहिला. कापरेकर देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. भांडुपच्या वाचनालयात, मराठी शाळांतल्या मुलांनी, भिंतभर मांडायची संख्या ती आपल्या माणसाची असावी असं मला मनापासून वाटतं.

कामाला सध्या आठवी ते दहावीची मुलं, अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी आणि गोदीच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेले काका. वहीत लिहायला खूण ठरवली: ए९ म्हणजे नऊ एकांची संख्या, ए१० म्हणजे दहा एकांची.

९ नोव्हेंबर, रविवार

आजचा पूर्ण दिवस एका गुणाकारात गेला आणि तो तसाच जायला हवा होता.

चौकटीची वही आडवी धरली. एका चौकटीत एक अंक. नऊ एकांना नऊ एकांनी गुणायचं म्हणजे नऊ ओळी, प्रत्येक ओळीत तेच नऊ एक, फक्त प्रत्येक ओळ वरच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे सरकलेली. पाढे लागतच नाहीत. सगळ्या ओळी मांडून झाल्या की कागदावर एक तिरकी पट्टी दिसते. मग उजवीकडून उभे रकाने मोजायला सुरुवात. पहिल्या रकान्यात १ एकटा. दुसऱ्यात दोन. तिसऱ्यात तीन. नवव्या रकान्यात नऊच्या नऊ ओळींचा एकेक अंक येतो. दहाव्या रकान्यात सर्वात वरची ओळ संपलेली असते, म्हणून आठ. तिथून उतार.

आठवीतल्या मुलीने सगळे रकाने मोजून झाल्यावर पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाली, "बाई, हातचा कुठंच आला नाही."

हेच ते कारण. रकान्यातल्या एकांची संख्या हाच उत्तराचा अंक होऊन बसतो, कारण कुठल्याही रकान्याची बेरीज ९ च्या वर जात नाही. हातचा नसेल तर गुणाकाराच्या पोटातली मांडणी उत्तरात जशीच्या तशी दिसते. १२१, १२३२१, १२३४३२१ या सगळ्यांचं रहस्य एवढंच, आणि नऊ ही त्याची शेवटची पायरी. तिथे मधला रकाना काठोकाठ भरलेला आहे.

मुलीला सांगितलं की हे वाक्य तुझ्याच शब्दांत भिंतीवर मोठ्या अक्षरांत जाईल. तिरक्या पट्टीचं चित्र त्याच्या खाली. मला वाटतं सगळ्या भिंतीतलं हे सर्वात महत्त्वाचं वाक्य आहे.

दहावीतल्या एकाने लगेच विचारलं की मग दहा एक घेतले तर? उत्तर आज काढायचं नाही, ३० तारखेला. मुलांना तोवर त्याची ओढ राहू दे.

११ नोव्हेंबर, मंगळवार

पडताळणीच्या साधनांबद्दल. दुकानात असतो तो १२ अंकी कॅल्क्युलेटर इथे उपयोगाचा नाही, उत्तर सतरा अंकी आहे. लॅपटॉपवरच्या स्प्रेडशीटमध्ये संख्या टाकली तर शेवटचे दोन अंक शून्य होऊन १२३४५६७८९८७६५४३०० दिसते, कारण ती १५ अंकच धरून ठेवते. दुसऱ्या एका प्रोग्रॅममध्ये शेवट ३२१ ऐवजी ३२० आला. अभियांत्रिकीच्या मुलाने कारण सांगितलं: दशांश अपूर्णांकांसाठीची संगणकाची नेहमीची मांडणी २ च्या ५३ व्या घातापर्यंतच, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंतच, सलग सगळ्या पूर्ण संख्या ओळखते. त्यापलीकडे काही अंतर फक्त सम संख्यांना जागा आहे. आपली संख्या त्या रेषेच्या पलीकडे आणि विषम, म्हणून ती शेजारच्या सम संख्येवर जाऊन बसते. पायथन या संगणकभाषेत पूर्ण संख्या कितीही लांब चालते, तिथे बरोबर येते.

ठरलं: पडताळणी आधी कागदावर, मग पायथनमध्ये. स्प्रेडशीट फक्त जमाखर्चाला.

१६ नोव्हेंबर, रविवार

अवयव पाडले. ए९ मध्ये १११ चे तीन गट सरळ दिसतात, म्हणून १११११११११ = १११ × १००१००१. त्यातला १११ = ३ × ३७. आणि १००१००१ च्या अंकांची बेरीज ३, त्यामुळे ३ ने भाग जातो: ३ × ३३३६६७. म्हणजे

१११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७

आणि आपल्या संख्येत यातला प्रत्येक अवयव दुप्पट वेळा: ३ चार वेळा, ३७ दोन वेळा, ३३३६६७ दोन वेळा. त्यावरून विभाजकांची संख्या ५ × ३ × ३ = ४५. पूर्ण वर्ग आहे म्हणून विषम. विभाजकांच्या जोड्या लावत गेलं की १११११११११ स्वतःशीच जोडी लावतो.

पण यासाठी ३३३६६७ मूळ संख्या आहे हे दाखवावं लागतं. वर्गमूळ ५७७ च्या किंचित वर. ५७७ पर्यंतच्या मूळ संख्या १०६. काका म्हणाले, "त्यात काय, करतो मी. आयुष्यभर भागाकारच केलेत." पण १०६ भागाकार करायच्या आधी थोडा विचार केला तर त्यातले बहुतेक गळून पडतात, आणि ती गळती मला मुलांना दाखवायची होती.

समजा ३३३६६७ ला भाग देणारी एक मूळ संख्या आहे, तिला प म्हणू. मग प ने ९९९९९९९९९ लाही भाग जातो, कारण ९९९९९९९९९ = ३३३६६७ × २९९७. याचा अर्थ, १० च्या नवव्या घाताला प ने भागलं की बाकी १ उरते. आता १०, १००, १००० असे घात एकेक करून प ने भागत जा आणि बाकी १ पहिल्यांदा कितव्या घाताला येते ते पाहा. तो क्रमांक ९ ला भागणारा असलाच पाहिजे: १, ३ किंवा ९. पहिल्याच घाताला आली तर प = ३; पण ३३३६६७ च्या अंकांची बेरीज २८, तीन बाद. तिसऱ्या घाताला आली तर प ने ९९९ ला भाग जातो, म्हणजे ३७. पण ३३३६६७ ला ३७ ने भागल्यावर बाकी १, तेही बाद. उरला ९. आणि फर्माचा छोटा सिद्धांत सांगतो की हा क्रमांक प − १ ला निःशेष भागतो. प विषम आहे. म्हणून प − १ हा १८ च्या पाढ्यात हवा.

५७७ पर्यंत अशा मूळ संख्या फक्त या: १९, ३७, ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१, ५७७. एकशेसहाच्या जागी सतरा, त्यातली ३७ आधीच तपासलेली.

नववीच्या मुलांना 'क्रमांक प − १ ला भागतो' ही पायरी जड गेली. ७ आणि १३ घेऊन फळ्यावर घातांच्या बाक्या लिहून दाखवल्या: ७ ला सहाव्या घाताला बाकी १ येते, १३ लाही सहाव्या. ६ ने ६ ला भाग जातो, ६ ने १२ ला. पूर्ण सिद्धता झाली नाही, पण काय म्हणायचं आहे ते पोचलं. सिद्धता पुढच्या वर्षी नक्की घेणार.

२० नोव्हेंबर, गुरुवार

काकांनी भागाकार करून आणले. जुन्या हिशेबाच्या वहीचे लांब, लाल रेघांचे कागद, प्रत्येक भागाकाराला स्वतंत्र चौकट, बाकीखाली दोन रेघा. एकही बाकी शून्य नाही. सर्वात जवळ गेली ती १६३, तिथे बाकी ६. ५२३ ला आणखी ७ मिळाले असते तर भाग गेला असता. कागद जसेच्या तसे भिंतीवर लावायचे, टाइप करायचे नाहीत.

याच विचारातून आणखी एक गोष्ट फुकट हाती आली. १ ला ३३३६६७ ने भागलं तर ०.०००००२९९७ ०००००२९९७ असे नऊ अंक पुन्हा पुन्हा येतात. आणि ज्यांचं आवर्तन नेमकं नऊ अंकांचं आहे अशी ही एकुलती एक मूळ संख्या आहे. कारण असं आवर्तन असलेली कुठलीही मूळ संख्या ९९९९९९९९९ चा अवयव असायला हवी, तिथे ३, ३७ आणि ३३३६६७ एवढेच मूळ अवयव आहेत, आणि ३ चं आवर्तन एका अंकाचं, ३७ चं तीन अंकांचं: ०.०२७०२७०२७.

काकांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी कागद परत मागून घेतले आणि तिथेच बसून १ भागिले ३३३६६७ करून पाहिलं.

२३ नोव्हेंबर, रविवार

आजची गोष्ट अंकांच्या बेरजेची. १ पासून ९ पर्यंत चढत जाऊन परत १ पर्यंत उतरलं की बेरीज ८१, म्हणजे ९ × ९. (पाच पायऱ्यांच्या १२३४५४३२१ ची २५, तीन पायऱ्यांच्या १२३२१ ची ९, नेहमी वर्गच.) आणि आपल्या संख्येला ८१ ने भाग जातो. आपल्या अंकांच्या बेरजेने ज्या संख्येला निःशेष भाग जातो तिला कापरेकरांनी 'हर्षद' म्हटलं. म्हणजे कापरेकरांची डेम्लो संख्या कापरेकरांची हर्षद संख्याही निघाली.

हे नऊ पायऱ्यांपर्यंतच्या सगळ्या संख्यांचं होतं का? मुलांनी वाटून घेऊन तपासलं. १२१ ला ४ ने भाग जात नाही. १२३४३२१ ला १६ ने नाही; ती विषम आहे, प्रश्नच नाही. पाचवीला २५ ने नाही, सातवीला ४९ ने नाही. पहिल्या नऊंत फक्त १, १२३२१ आणि आपली. तीन जागा: १, ३, ९.

८१ ने भागून उत्तर येतं १५२४१५७८९९७१०४१, आणि हा १२३४५६७९ चा वर्ग. इथे मुलांचा गलका झाला, कारण १२३४५६७९ सगळ्यांच्या ओळखीची: हिला ९ ने गुणलं की नऊ एक येतात. मध्ये ८ नाही. तो का नाही, हे अजून कुणाला विचारू दिलेलं नाही. त्याचाही निकाल ३० तारखेला लागेल.

दुपारी उरलेल्या वेळात एक सुंदर गोष्ट सापडली. ३७ चा वर्ग ३५ आणि १२ यांच्या वर्गांची बेरीज आहे: १२२५ + १४४ = १३६९. आणि ए९ = ३७ × ३००३००३. मग दोन्ही बाजूंना ३००३००३ च्या वर्गाने गुणून घ्यायचं:

३६०३६०३६² + १०५१०५१०५² = १११११११११²

म्हणजे आपली संख्या एका काटकोन त्रिकोणाच्या कर्णाचा वर्ग आहे, आणि त्रिकोणाच्या तिन्ही बाजूंचे अंक तालात येतात: ०३६ ०३६ ०३६, १०५ १०५ १०५, १११ १११ १११. छोटा त्रिकोण ३६, १०५, १११ असा कुणीही पडताळू शकतं. दोन शून्येतर वर्गांच्या बेरजेत ही संख्या मांडायची हीच एक रीत आहे. कारण दोन वर्गांत फुटतो तो अवयव ४ ने भागल्यावर बाकी १ ठेवणारा लागतो, आणि तसा इथे फक्त ३७ आहे. ३ आणि ३३३६६७ दोघांची बाकी ३.

हा तक्ता वर्गात भूमिती आवडणाऱ्या दोन मुलांनी मागून घेतला.

३० नोव्हेंबर, रविवार

दहा एक. चौकटीच्या वहीत पुन्हा तीच तिरकी पट्टी, आता दहा ओळींची. उजवीकडून नऊ रकाने निर्धोक: १, २, ३ … ९. दहाव्या रकान्यात दहा एक. शून्य लिहा, हातचा १. अकराव्या रकान्यात नऊ एक आणि हातचा एक: परत दहा. शून्य, हातचा १. बाराव्यात आठ आणि हातचा एक: नऊ. हातचा संपला. पुढे सात, सहा, पाच, उतार नेहमीसारखा.

उत्तर: १२३४५६७९००९८७६५४३२१.

डावीकडून वाचलं की १२३४५६७९. आठ कुठे गेला ते सगळ्यांना एकदम दिसलं. तो नाहीसा झालेला नाही, हातचा मिळून नऊ झाला आहे. आणि नवाचा हातच्यामुळे दहा होऊन शून्य. १ भागिले ८१ केल्यावर येणाऱ्या ०.०१२३४५६७९०१२३४५६७९ मध्येही नेमकी हीच हालचाल आहे: एकापुढे एक सरकत मांडलेल्या १, २, ३ … ९, १०, ११ या संख्यांची बेरीज, आणि दहावर आल्यावर हातचा मागे सरकतो.

इथपर्यंत 'रचना मोडली' असंच सगळे म्हणत होते. मग त्यांना सांगितलं की शेवटचे दहा अंक एकीकडे आणि उरलेले एकीकडे करा, आणि मिळवा.

१२३४५६७९० + ९८७६५४३२१ = ११११११११११

दहा एक परत आले. संख्येचा वर्ग करायचा, त्याचे दोन तुकडे करायचे, बेरीज केली की मूळची संख्या: ही कापरेकर संख्येची व्याख्या. ४५ चा वर्ग २०२५, २० + २५ = ४५; यंदाचं साल म्हणून हे उदाहरण वर्षभर सगळ्यांच्या तोंडी आहेच. २९७ चा वर्ग ८८२०९, ८८ + २०९ = २९७. आणि आता ए१०.

ए२ पासून ए९ पर्यंत कुठलीही संख्या हे करत नाही. जिथे सुबक चढउतार मोडतो, नेमकी तिथेच कापरेकरांची दुसरी गोष्ट सुरू होते. हातचा आला म्हणून संख्या बिघडली असं मुलांना वाटू नये, हीच या प्रकल्पातली माझी सर्वात मोठी इच्छा होती. आज घरी जाताना मुलं ए११ करून पाहायच्या गप्पा मारत जिना उतरली.

३ डिसेंबर, बुधवार

'का' अजून बाकी होतं. अभियांत्रिकीच्या मुलाने आणि मी शाळा सुटल्यावर बसून ते दहावीला कळेल असं लिहिलं.

आधी मुलांनी जमवलेल्या बेरजा पाहिल्या. शेवटून जितके एक घेतले तितके अंक तोडायचे:
१ + २१ = २२
१२ + ३२१ = ३३३
१२३ + ४३२१ = ४४४४
… आणि आपली: १२३४५६७८ + ९८७६५४३२१ = ९९९९९९९९९.

दोनदा दोन, तीनदा तीन, चारदा चार. दहाला मात्र दहादा दहा येणार नाही, कारण दहा हा अंकच नाही. तिथे परत एक.

कारण असं. वर्गाचे डावा आणि उजवा असे तुकडे केले तर वर्ग = डावा × १०००…० + उजवा. आता १०००…० च्या जागी ९९९…९ + १ लिहा. मग वर्ग आणि डावा + उजवा यांच्यात फरक फक्त ९९९…९ च्या पटीचा. आणि ९९९…९ म्हणजे ९ × ए (ए म्हणजे जिचा वर्ग केला ती एकांची संख्या). दुसऱ्या बाजूने, ए ला ९ ने भागलं की बाकी तिच्या अंकांच्या बेरजेचीच, म्हणजे त्यात जितके एक तितक्याची. म्हणून ए × ए हा 'एक किती ते × ए' पासून ९ × ए च्या पटीनेच वेगळा. दोन्ही जोडलं की डावा + उजवा = एक किती ते × ए, ९ × ए च्या पटी सोडून. दहाची नवाने बाकी १, म्हणून ए१० ला एकपट ए येते. नवाचा ताळा, प्राथमिक शाळेत गुणाकार तपासायला शिकवतात तोच, इथे सगळं काम करतो.

यावरून पुढचंही कळतं: ए१९, ए२८, ए३७, दर नऊ पावलांवर एक कापरेकर संख्या, न संपणारी. बेरीज १० × ए होईल अशी शंका उरत नाही. तेवढी ती मोठी होऊच शकत नाही, कारण उजवा तुकडा जास्तीत जास्त ९९९…९ आणि डावा त्याच्या ऐंशीव्या भागाहूनही लहान.

७ डिसेंबर, रविवार

कापरेकरांचा तक्ता. मुलांनी मजकूर मोठा केला होता, मी तो आखडून घेतला. जन्म १९०५, डहाणू. फर्ग्युसन महाविद्यालयात असताना १९२७ मध्ये रँग्लर परांजपे गणित पारितोषिक. १९३० ते १९६२ देवळालीत शिक्षक. ६१७४ चा स्थिरांक १९४९ चा (सगळे अंक सारखे नसलेली चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या क्रमाने लावून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करत राहा, शेवटी ६१७४ येते). १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं, आणि मग जगभर नाव झालं.

डोंबिवलीची गोष्ट एका वाक्यात ठेवली: मुंबईपासून ३० मैलांवरच्या त्या स्टेशनात त्यांना या संख्यांची कल्पना सुचली आणि स्टेशनाच्याच नावावरून त्यांनी 'डेम्लो' नाव दिलं. मध्य रेल्वेने रोज जाणाऱ्या मुलांना हे भारी वाटतं, त्यांना तो तक्ता स्टेशनाच्या चित्राने भरायचा होता. मी तिथे डेम्लो संख्येची रचना घालायला लावली: डावा भाग, मधला पुन्हा पुन्हा येणारा अंक, उजवा भाग, आणि डावा + उजवा म्हणजे मधल्याच अंकाची माळ. १२३४५६७८ | ९ | ८७६५४३२१. मिळवून पाहा, आठ वेळा ९. एका शिक्षकाला फलाटावर उभं राहून एवढं दिसलं, हे चित्रापेक्षा जास्त सांगतं.

१२ डिसेंबर, शुक्रवार

छापून आलेले तक्ते तपासले. छपाईवाल्याने १२३४५६७९ मध्ये ८ घालून ठेवला होता, राहून गेला असेल असं समजून. परत पाठवला. सोबत चिठ्ठी: १२३४५६७८९ × ९ = ११११११११०१, चालणार नाही.

स्वल्पविराम आपल्या पद्धतीने: १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१. काकांच्या आग्रहाने खाली लीलावतीतल्या अठरा स्थानांची नावं घेतली, एकापासून परार्धापर्यंत. आपल्या संख्येचा पहिला अंक सतराव्या स्थानी, 'मध्य' वर. ए१० चा वर्ग एकोणीस अंकी, तो परार्धाच्याही पुढे जातो.

१४ डिसेंबर, रविवार

ए१९. ही मूळ संख्या आहे आणि वरच्या नियमाने कापरेकर संख्याही. मूळ असल्याचा भाग संगणकावर केला. वर्गमूळ १०५ कोटी ४० लाखांच्या आसपास. ३३३६६७ ला वापरलेलीच युक्ती: १९ मूळ आहे, म्हणून भाग देणाऱ्या प साठी प − १ हा ३८ च्या पाढ्यात हवा. तपासायच्या संख्या उरतात सुमारे २ कोटी ७७ लाख. जुन्या लॅपटॉपने चहा येईपर्यंत काम संपवलं. एकानेही भाग गेला नाही.

कागदावरच्या नियमाला हा अपवाद झाला, म्हणून तक्त्यावर 'संगणकाने तपासलं' असं स्पष्ट लिहिलं आहे. युक्ती मात्र मुलांनी फळ्यावर मांडून दाखवली.

२० डिसेंबर, शनिवार

भिंत भरली. तिरकी पट्टी डावीकडे, काकांचे लाल रेघांचे कागद मधोमध, त्रिकोण त्यांच्या खाली, ए१० उजवीकडे. जिन्याच्या वळणावर १६ च्या पायाचा, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या गटांत संख्या लिहायच्या पद्धतीचा, छोटा तक्ता: तिथे अंक पंधरापर्यंत असल्यामुळे पंधरा एकांपर्यंत हातचा येत नाही आणि चढउतार पंधराव्या पायरीपर्यंत टिकतो. तो आयत्या वेळी सुचला, पण मला फार आवडला आहे. नऊला थांबणं हा आपल्या लिहिण्याच्या पद्धतीचा गुण आहे, एकांचा नव्हे, हे त्याने कळतं.

२२ डिसेंबर, सोमवार

सकाळपासून गर्दी चांगली. कारण विचारणारे बरेच निघाले आणि प्रत्येकाला उत्तर मुलांनीच दिलं.

दुपारी एका महाविद्यालयीन मुलीने ए१९ पुढे थांबून विचारलं, "मूळही आणि कापरेकरही अशा आणखी किती?" प्रश्न कट्ट्यावर कुणी काढला नव्हता. तिथेच जिन्यात बसून पाहिलं. नुसत्या एकांच्या पहिल्या पाच मूळ संख्या ए२, ए१९, ए२३, ए३१७ आणि ए१०३१. शेवटचीची सिद्धता विल्यम्स आणि डब्नर यांनी १९८६ मध्ये दिली. त्यांना नवाचा ताळा लावला: २ ची बाकी २, २३ ची ५, ३१७ ची २, १०३१ ची ५. बाकी १ येते ती फक्त १९ ची. पाचांत एकच.